खाचेतला कागद

कामरगावच्या स्टँडवर अमरावतीची एसटी लागली, तेव्हा माय माझ्या पिशवीत तिसऱ्यांदा हात घालून डबा सरळ बसला आहे का ते बघत होती. बाबा कंडक्टरशी बोलत होते. मुलगा अमरावतीहून पुढे रेल्वेने पुण्याला विद्यापीठात चालला आहे हे त्यालाही कळायला हवं होतं. धाकटी बहीण नलू खिडकीखाली आली आणि रुमालात बांधलेली एक कॅसेट तिने वर दिली.

"मायले लिवता येत नाही, म्हून यात बोलली," ती म्हणाली. "एक बाजू आमची, दुसरी तुयी. तू बोलून वापस पाठवजो. आन् हे खाच पाह्य. यातला तुकडा मी मोडून टाकला. आता आमची बाजू कोनालेच पुसता येनार नाही."

ज्यांनी कॅसेट हाताळली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना दोन बारीक खाचा असत, दोन बाजूंच्या दोन. खाचेतला प्लास्टिकचा तुकडा मोडला की त्या बाजूवर नवं काही भरता येत नसे. आमच्या घरी मामाने दिलेला टेपरेकॉर्डर होता आणि त्याची सगळी माहिती घरात फक्त नलूला होती.

गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी फार दूर जाऊन फार मोठा झालो, असं तुम्ही गावात बोलता. त्या मोठेपणातली एक गोष्ट मलाच यंदा कळली.

वसतिगृहातली खोली तिघांची होती. दिवसा वर्ग, संध्याकाळी ग्रंथालय, आणि त्यानंतर संगीत. गाणी ऐकणं ही मला तिथे लागलेली नवी भूक होती. घरी संगीत म्हणजे बाबांची खंजिरी आणि नलूचा आवाज. खंजिरीचं कातडं सैल पडलं की बाबा चुलीसमोर धरून ते तापवत आणि नलू तोवर नुसतीच गुणगुणत बसे. कातडं तापल्यावर सूर नीट लागला की नाही हे बाबा तिला विचारत, मला नाही. माझा कान कच्चा होता. पण वसतिगृहात मी सहा महिन्यांत जाणकार झालो. परदेशी वाद्यवृंदांची नावं मला पाठ झाली. मेसमध्ये गिटारवर तासभर बोलू लागलो. गिटारला मी तोवर हातही लावला नव्हता.

शनिवारची रात्र ही आमची खरी परीक्षा असायची. गच्चीवर सतरंजी, कुणाच्या तरी खोलीतला दोन खणांचा टेपरेकॉर्डर, भेळ, आणि ज्याच्याकडे नवं काही भरलेलं असेल त्याचा मान. सोमवारी ट्यूटोरियल द्यायचं असायचं, पण शनिवारी मान मिळाला की आठवडा मजेत जायचा.

पहिल्या पंधरवड्यात मी मायची कॅसेट खोलीत लावली होती. "मले काई करमत नाही बाप्पा. तुले तिथं भाकर भेटते का?" एवढं झालं आणि शेजारच्या खाटेवरच्या पोराने माझ्याकडे वळून विचारलं, "काय रे, तुले भाकर भेटते का?" सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, हे मला नीट आठवतं. मग मी कॅसेट बंद केली.

त्यानंतर तीन वर्षांत घरून पाच कॅसेटी आल्या. त्यातली एकही मी लावली नाही. उत्तर म्हणून पोस्टकार्ड टाकत असे: अभ्यास ठीक, तब्येत ठीक. आणि शनिवारसाठी कोरी कॅसेट हवी असली की त्या पाचांतली एक काढायचो. माझी बाजू कोरीच असायची, पण गच्चीवर कुणी कॅसेट उलटी लावली तर मायचा आवाज वाजेल, म्हणून मी घरची बाजूच पुसायचो. तिची खाच मोडलेली असायची, पण त्यावर इलाज होता. कागदाचा बोळा करून खाचेत दाबून बसवला की यंत्र फसतं. बहिणीने लावलेलं कुलूप मी मेसच्या कुपनाच्या कागदाने उघडलं. पाचही वेळा.

दिवाळीत घरी गेलो की माय विचारायची, "आयकली का रे कॅसेट?"

"हो, ऐकली."

नलू तिथेच असायची. एका दिवाळीत मी असं म्हणालो तेव्हा ती पोळी लाटत होती. तिचं लाटणं मधेच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

त्याच हिवाळ्यात तिचं लग्न झालं. बारावीचं वर्ष होतं, परीक्षा राहून गेली. जऊळक्याचं स्थळ, घरची शेती, स्टेशनजवळ किराणा. मी वसतिगृहातले दोन मित्र घेऊन आलो, वरातीत नाचलो. निरोपाच्या वेळी ती माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "दादा, तू काईच बोलला नाही."

मी म्हणालो, "काय बोलायचं? चांगलं स्थळ आहे."

तिने मान हलवली आणि जीपमध्ये बसली.

तेव्हापासून आत्तापर्यंत मी पुण्यात आहे. नोकरी, लग्न, फ्लॅट, सगळं रीतसर झालं. माझ्या तोंडातलं 'मले' कधी गेलं ते मला कळलं नाही. आधी बाबा गेले, मग माय. माझी मुलगी मुक्ता आता विद्यापीठात शिकते, मी ज्या इमारतींतून फिरलो त्याच इमारतींतून फिरते, आणि शनिवारी संध्याकाळी मित्रमैत्रिणींबरोबर गाते. आवाज तिने आत्याचा घेतला आहे. हल्ली त्या मुलांना कॅसेटचं वेड लागलंय. तिने माळ्यावरचं खोकं उतरवलं, कुठून तरी जुना टेपरेकॉर्डर मिळवला आणि एका शनिवारी दुपारी माझी जुनी गाणी लावून बसली. पाचांतली एवढी एकच कॅसेट उरली होती. मी वर्तमानपत्र वाचत पायाने ताल धरला होता. शेवटचं गाणं संपलं. मुक्ता टेप बंद करायला उठणार, एवढ्यात खरखर झाली आणि आमच्या बैठकीत कुणीतरी दबक्या आवाजात बोलू लागलं.

"दादा, मी नलू. माय गोठ्यात गेली म्हून घाईनं सांगून राह्यली. जऊळक्याचे पाव्हने येऊन गेले. बाबा हो म्हनून बसले. मले बारावी तं होऊ दे रे. मले अमरावतीले जाऊन गानं शिकाचं हाये. बाबा मायं आयकत नाही, मायचं आयकत नाही, तुयं आयकते. तू एकडाव येऊन सांग, नलीले शिकू द्या. येनं नाही झालं तं चिठ्ठी टाक. दोन ओळी टाक. मी वाट पाह्यतो. आली आली, माय आली..."

खट्. मग कोरी फीत फिरत राहिली.

माझ्या हातातलं वर्तमानपत्र तसंच होतं. मुक्ता माझ्याकडे बघत होती.

"बाबा, ही नलूआत्या आहे?"

मी मान हलवली.

"मग तुम्ही काय केलंत?"

तीन मिनिटं. गाणी तीन मिनिटं कमी पडली म्हणून तेवढं वाचलं होतं. ती बाजू शेवटपर्यंत भरली असती, तर मी सुखाने मेलो असतो. हा विचार मला खरोखर आला, आणि तो आल्याचा धक्का त्या आवाजाहून मोठा होता.

पुढच्या आठवड्यात कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन निघालो. अकोल्याला गाडी बदलली आणि जऊळक्याच्या स्टेशनवर उतरलो. नलू अंगणात तूर पाखडत होती. केस पांढरे, चष्मा नाकावर. "बाप्पा! न सांगता? वहिनीनं हाकललं का काय?" म्हणून हसली. मी पाणीही प्यायलो नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं: गच्ची, हसणं, बोळा, दिवाळीतला 'हो, ऐकली'.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर "जाऊ दे दादा, जुनं झालं" म्हणेल. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे तू आयकलंच नवतं?"

"नाही."

"मी तं समजत होती तू आयकून गप बसला. दादा शिकलेला हाये, त्यानं इचार केला असन, आपल्या भल्याचंच पाह्यलं असन. इतके वर्स मी मनाले हेच सांगत आली." "तेवढंच होतं मायापाशी. ते बी आज घेऊन गेला तू."

मी माफी मागायला आलो होतो, आणि तिचं उरलंसुरलं घेऊन उभा होतो. खरं सांगण्यात एवढा स्वार्थ असतो, हे मला पन्नाशीत कळलं.

"लाव," ती म्हणाली.

ओसरीवर मी कॅसेट लावली. मी पुढे सरकवू लागलो तर तिने हात धरला. "पयल्यापासून." मग आम्ही दोघांनी अर्धा तास ती गिटार ऐकली. ती डोळे मिटून होती. एका गाण्यावर तिचं बोट गुडघ्यावर ताल धरू लागलं.

"यासाठी पुसलं व्हय आमाले?" ती म्हणाली. "गानं चांगलं हाये पन. हा गानारा सुरात जरासा उतरते."

मग तिचाच आवाज आला. ती हलली नाही. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "याच्या आंधी माय काय बोलली होती?"

ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

तिने कॅसेट काढून उन्हात धरली. खाचेतला बोळा अजून तिथेच होता, पिवळा पडलेला. अंबाड्यातली पिन काढून तिने तो कोरून बाहेर काढला आणि अंगणात फेकला. मग कॅसेट उलटी करून टेपमध्ये घातली.

"हे तुयी बाजू. कोरीच हाये ना?"

"कोरी आहे."

"बोल मंग. काहून आयकलं नाही ते सांग. पुरी बाजू बोल, मी आत जातो. आयकाचं का नाही ते मी ठरवीन."

ती आत गेली. मी रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली. बराच वेळ फीत नुसतीच फिरली, त्यात अंगणातल्या कोंबड्या भरल्या गेल्या असतील. मग मी म्हणालो, "नले, मले लाज वाटत होती." किती वर्षांनी तोंडात 'मले' आलं ते मोजलं नाही.

याला आता चार महिने झाले. नलूचा फोन येतो. पावसापाण्याचं सांगते, मुक्ताकडून गाणं म्हणवून घेते, तिचा सूर दुरुस्त करते. कॅसेटबद्दल ती बोलत नाही, मी विचारत नाही. कुणी गाव विचारलं की मी कामरगाव म्हणतो, पण तिथलं घर विकून झालं. पुण्यातल्या फ्लॅटवर माझं नाव आहे. आणि जऊळक्यात, तिच्या कपाटात, खाच मोडलेली एक कॅसेट आहे. तिच्या एका बाजूच्या शेवटी नलू माझी वाट बघते आहे, आणि दुसऱ्या बाजूवर मी तिची.