सारसाच्या बांधीतलं पाणी

सारस वाचवायचा असेल तर आधी धानाची बांधी वाचवा, हे वाक्य माझं. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. वाक्य खरं आहे, आजही मी ते मागे घेत नाही. फक्त ते लिहिलं तेव्हा बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे मला माहीत नव्हतं.

आणीबाणी उठून चार-दोन वर्षं झाली होती. मी भंडाऱ्याचा, कॉलेज अर्ध्यात सोडलेला. नागपूरच्या एका पक्षी वाचवणाऱ्या मंडळाने मला मोहाडी तालुका दिला होता. दिला म्हणजे सायकल माझी, पत्रकं त्यांची. माझ्या वडिलांच्या लहानपणी तलावातलावांत सारस होते म्हणतात. मला करडीच्या अलीकडच्या त्या एका गावात एकच जोडी सापडली, आणि आसपास दुसरी कुठेच नाही. तलाव बुजवून धान लावणाऱ्यांवर माझा राग होता. सोसायटीतून पिकाच्या औषधांचे डबे वाटणाऱ्यांवर होता. गावात कोणी समोरून हसत आलं तरी मी रागातच बोलायचो.

जोडीने घरटं केलं होतं तलावाखालच्या एका बांधीत, ऐन धानाच्या मधोमध. गवत आणि धानाची रोपं उपटून रचलेला ढीग, भोवती पाणी, वर दोन अंडी. बांधी ज्यांची होती त्यांना मी मामा म्हणायचो. मी त्यांना समजावायला गेलो तेव्हा त्यांनी पत्रक उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "सारस मारा म्हून कोणं सांगतलं गा तुले? आमी त कधी मारला नाही."

"मारला नाही, पण जपलाही नाही," मी म्हणालो. असं बोलायचो मी.

"जपाचं म्हणजे काय करावं?"

"घरट्याजवळ कोणी जायचं नाही. निंदण नाही, औषध नाही, खत नाही."

"तेवढा तुकडा सोडला समज," मामा म्हणाले. "सारस बसला ते बांधी नशिबाची असते. मंग काय, चाय पेतस का?"

वरची बांधी दुसऱ्याची होती. तिशीतला माणूस, नवं बियाणं आणणारा, रेडिओवर शेतीचा कार्यक्रम ऐकणारा. तो मला दिसला की हाक मारायचा, "ओ कागदवाले! सारसाले बांधी, सारसाले पाणी, अन् आमाले कागद?" त्याच्या भोवतीचे हसायचे. मी त्याला एकदा तोंडावर स्वार्थी म्हणालो. तो म्हणाला, "हाव ना. लेकरं उपाशी ठेवून दाखवतो, मंग मले चांगला म्हणजो."

ऑगस्टात पावसाने उघाड दिली. दहा-बारा दिवस थेंब नाही. मामांच्या बांधीतलं पाणी उतरू लागलं, घरट्याच्या एका बाजूने चिखल उघडा पडला. नेमकी तेव्हाच मामांना पवनीला तेरवीला जावं लागलं. जाताना म्हणाले, "पाहत राहजो. मी परवा येतो." मी गावातच, त्यांच्या ओसरीवर मुक्कामाला राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बांधीवर गेलो तर दोन कुत्री चिखलातून घरट्याकडे निघाली होती. एक सारस अंड्यांवर, दुसरा पंख पसरून कुत्र्यांच्या अंगावर धावत होता. मी ढेकळं मारून कुत्री हाकलली. ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी गेलो की ती परत येणार, हे दिसत होतं. अंडी वाचायची तर घरट्याभोवती पाणी पाहिजे होतं, आणि ते लगेच पाहिजे होतं.

वरची बांधी पाण्याने काठोकाठ होती.

तिथे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. धुऱ्याला एक फोड ठेवलेली असते, तिच्यातून तलावाचं पाणी एकेक बांधी भरत खाली येतं. ही फोड वरच्या बांधीवाल्याने बुजवली होती. ताज्या चिखलाने लिंपून, वरून पाय देऊन दाबून. आणि तिथेच कडुनिंबाची पाल्यासकट फांदी खोचली होती. मी बघितलं आणि डोकं फिरलं. मला वाटलं, हे पाखराला बुजवायला केलंय. पाणी अडवलं आणि वर बुजगावणंही लावलं.

मी त्याच्या घरी गेलो. तो तुमसरला गेला होता. बायको म्हणाली, "संध्याकाळी येतीन, बसा." मी बसलो नाही. काय काम आहे तेही सांगितलं नाही. मामांच्या घरून फावडं घेतलं, फांदी उपटून फेकली, धुरा फोडला. पाणी मामांच्या बांधीत उतरलं. संध्याकाळपर्यंत घरटं पाण्यात होतं आणि कुत्री निघून गेली होती. मी ओसरीवर बसून मंडळाला पत्र लिहिलं: प्रत्यक्ष कृतीशिवाय पर्याय नाही.

सकाळी बांधीत बेडूक उताणे पडले होते. बोटभर मासे पाण्यावर पांढरे दिसत होते. खेकडे धुऱ्यावर चढून मेले होते. एक सारस घरट्यापासून दहा-वीस पावलांवर पडला होता, मान चिखलात. दुसरा अंड्यांजवळ उभा होता. ओरडत नव्हता. मला रडू आलं नाही. माझ्या चपलेला चिखल लागला होता, तो मी गवताला पुसत होतो, एवढं आठवतं.

तो वरून आला. रिकामी झालेली आपली बांधी बघत बघत आला.

"धुरा कोणं फोडला?"

"मी."

"डगाल लावलं होतं ना तिथं." डगाल म्हणजे फांदी.

"ते कशाचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "थिमेटचं औषध टाकलं का डगाल लावते गा बांधीले. ढोरं नेऊ नका, पाणी सोडू नका म्हून. पाच-सात रोज पाणी अडवून ठेवा लागते. नाही त मी कायले बुजवू? रीत हाय मामाची-माही. परवा मी त्याईले पाणी देणारच होतो." मग म्हणाला, "येवढे कागद वाटले तू. येक डाव तरी इचारलं असतं."

तो पाण्यात उतरला नाही, मलाही उतरू दिलं नाही. लांब काठीने त्याने सारस कडेला ओढला. आम्ही दोघांनी मिळून खड्डा खणला. त्याच फावड्याने, दुसरं नव्हतंच. पक्षी एवढा मोठा असतो हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं. पाय खड्ड्यात मावेनात, तेव्हा तो म्हणाला, "दुमडू नोको. आखीन खण."

मामा संध्याकाळी आले. वाटेतच त्यांना कळलं होतं. त्यांनी बांधी पाहिली, उभा राहिलेला सारस पाहिला, हातपाय धुतले. मला म्हणाले, "जेवलास का?" मी नाही म्हणालो. मामींनी भात वाढला, मी जेवलो. दोनदा मागून घेतला. कोणीच मला काही बोललं नाही. त्यांनी शिव्या द्यायला पाहिजे होत्या, असं मला नंतर वाटलं. तेव्हा तेवढंही वाटत नव्हतं.

उरलेला सारस तीन-चार दिवस अंड्यांवर बसला. मग उठला आणि तलावापलीकडे गेला. अंडी तशीच राहिली. मामांनी कापणीपर्यंत तो तुकडा सोडला होता, शब्द दिला होता म्हणून.

मंडळाने अहवाल मागितला. मी लिहिला. 'वरच्या बांधीतील विषारी पाणी घरट्यात शिरले.' एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं. त्याचं पत्रक होऊन आलं तेव्हा वर मथळा होता, 'विषाने घेतला सारसाचा बळी', आणि मजकुरात मंडळाने आपल्या मनाने घातलं होतं, 'एका बेफिकीर शेतकऱ्यामुळे'. मी वाचलं. वाटायला नको, असं म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. गठ्ठा घेऊन आंधळगावच्या बाजारात उभा राहिलो.

वरच्या बांधीवाला तिथे आला होता, मिरच्या घ्यायला. त्याने स्वतःच पत्रकासाठी हात पुढे केला. एका बाजूला जाऊन सावकाश, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचलं आणि परत आला.

"हा शेतकरी मी काय?"

"नाव नाही त्यात कोणाचं."

"वरची बांधी कोनाची हाय, हे आमच्या गावात कोनाले मालूम नाही?" आवाज चढवला नव्हता. "औषध माहंच व्हतं, ते म्या टाकलं. लिव. पन धुरा कोणं फोडला, ते काहून नाही लिवलं?"

आजूबाजूला माणसं थांबली होती. माझ्याजवळ उत्तर नव्हतं असं नाही. होती, पुष्कळ होती. कंपन्या, सोसायटी, सरकार, एका माणसाची चूक महत्त्वाची नाही, प्रश्न मोठा आहे. ती सगळी मी इतर वेळी घडाघडा बोलायचो, आणि आजही बोलतो, कारण थिमेट पुढेही कित्येक वर्षं तसंच विकलं गेलं आणि डब्यावर पाखरांबद्दल एक ओळ नसायची. त्या दिवशी तोंडातून एवढंच निघालं, "राहून गेलं."

"राहून गेलं," तो म्हणाला. पत्रकाची चौघडी करून खिशात घातली आणि गेला.

मी बस स्टँडवर येऊन बाकावर बसलो. गठ्ठा मांडीवर घेतला, खिशातला बॉलपेन काढला आणि पहिल्या पत्रकाच्या तळाशी लिहिलं: धुरा मी फोडला, खूण न ओळखता, न विचारता. खाली माझं पूर्ण नाव. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. हात दुखेपर्यंत लिहीत गेलो, तेवढ्यात तुमसरची गाडी लागली. अर्ध्याहून जास्त गठ्ठ्यावर लिहायचं राहिलं होतं. कंडक्टर म्हणाला, "चढता का, का लिवतच बसता?" मी चढलो.

तुमसरला ती सगळी वाटली. लिहिलेली आणि न लिहिलेली, मिसळून.