लिम्फोसाइट बावन्न टक्के

लाखांदूरच्या कृष्णरावांनी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर जगातला कुठलाही छापील कागद आपल्याला समजतो, अशी त्यांची खात्री झाली होती. आठवडाभर ताप येऊन गेल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट सकाळी हाती आला, डॉक्टर मात्र संध्याकाळी येणार होते. तोवर थांबायला कृष्णराव काही अडाणी नव्हते.

पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट बावन्न टक्के, आणि पुढे ‘जास्त’ अशी ठळक खूण. त्यांनी मोबाईलला विचारलं. मोबाईलने पहिल्याच ओळीत रक्ताचा कॅन्सर सांगितला. साध्या तापाचं नाव सातव्या ओळीत होतं, पण विद्वान माणसाला तिथवर वाचायची गरज पडत नाही. त्यांनी भंडाऱ्याला मुलीला, हर्षाला, फोन करून ताबडतोब बोलावलं. बायकोला, पार्वताबाईंना, कागदपत्रांची पेटी दाखवली आणि शेतातली धानाची बांधी कोणाला कसायला द्यायची तेही सांगितलं.

“पहिले जेवून घ्या, मंग सांगा,” बाई म्हणाल्या.

मरणाऱ्या माणसाने दोनदा भात मागून घेतला. आडवं झाल्यावर मात्र छातीत खरोखर धडधडू लागलं. तसेच उठून ते लॅबमध्ये गेले. तिथला अश्वजित त्यांचाच विद्यार्थी. शेकडेवारीत त्यांनी त्याला दोनदा नापास केलं होतं.

“सर, बावन्न टक्के कायचे?” अश्वजितने विचारलं.

कृष्णरावांनी रिपोर्ट त्याच्यापुढे सरकवला.

अश्वजितने पान उलटलं. एकूण पांढऱ्या पेशी सहा हजार. त्याचे बावन्न टक्के सरांनी स्वतःच लिफाफ्यावर काढले: तीन हजार एकशे वीस. खाली छापलेली मर्यादा एक हजार ते चार हजार आठशे. अश्वजितने समजावलं, की तापाशी लढताना लिम्फोसाइटचा वाटा वाढतो, दुसऱ्या पेशींचा घटतो; म्हणून टक्के फुगलेले दिसतात, प्रत्यक्ष संख्या ठीकच आहे.

“डॉक्टरले दाखवा, सर. पण घाबरून कायले राहिले?”

संध्याकाळी डॉक्टरही तेच बोलले. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. डॉक्टरांची परीक्षा घेत असल्यासारखे कृष्णराव मान हलवत राहिले.

घरी पोचले तर हर्षा एसटीने येऊन ओसरीत रडत बसली होती.

“एवढी शिकलीस, अन् टक्के आणि संख्या यातला फरक समजत नाही?” कृष्णराव तिच्यावर खेकसले.

पार्वताबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलीसाठी चहा ठेवला.