दुबार ओळ

पसारा मला खपत नाही. घरातले डबे असोत की क्लासच्या मुलांच्या वह्या, सगळं ओळीत लागतं. पंचगंगेला पूर आला तेव्हा राजारामपुरीत घरी बसून मी मदतीची यादी करत होते, तीही तशीच. पुरात अडकलेल्यांचे नातेवाईक ग्रुपवर मेसेज टाकायचे, मी ते एका तक्त्यात भरायचे आणि बोटवाले तो तक्ता मोबाईलवर बघून निघायचे. घाबरलेली माणसं एकच मेसेज दहादा पाठवत. मी वैतागून दुबार ओळी काढून टाकत होते आणि स्वतःवर खूशही होते.

दुपारी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. "मॅडम, आईचा फोन बंद लागतोय. बोट गेली का हो?" तिने गाव सांगितलं, आडनाव, देवळामागचं घर, माळ्यावर दोन म्हातारी माणसं.

"आहेत की यादीत," मी म्हटलं. "बोट आत्ताच निघाली."

"फोन नंबर माझाच हाय न्हवं त्यात?"

नव्हता.

"मग ते चुलत्याचं घर. वाटणी झालीया, मधी भिंत घातलीया. बारा वर्षं दोन घरांत बोलणं न्हाय."

अर्ध्या गावाचं आडनाव एक असतं, भाऊभाऊ एका छपराखाली दोन चुली मांडतात. मी कोल्हापूरचीच, पण मला ते सुचलं नाही. "बघते" म्हणून फोन ठेवला. तिच्या आईबाबांची ओळ दुबार समजून मीच काढली, हे सांगायचा धीर झाला नाही.

बोटीवर शिवाजी पेठेतल्या तालमीचे वस्ताद होते. त्यांचा फोन लागेना. तेवढ्यात ग्रुपवर आलं, पाण्याला ओढ वाढलीय, आजची ही शेवटची फेरी. मी पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले. दोन जिवंत माणसं मी एका टिचकीत पुसली होती. नवऱ्याने पुढ्यात ठेवलेल्या चहावर साय धरली. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दोन तासांनी वस्तादांचा फोन आला. "मॅडम, यादीत दोन लिवलंय, चार आणल्यात."

"चार कसे?" मी विचारलं.

"म्हातारा बोटीत चढंनाच की! भिंतीवर काठी हाणत बसला. म्हणला, पलीकडं माझा थोरला भाऊ हाय. आदी त्याला घ्या, मग मी."

मी हमसून हमसून रडले. संध्याकाळी त्या मुलीचा मेसेज आला, "मॅडम, तुमच्या यादीमुळं आईबाबा वाचले." मी नुसते जोडलेले हात पाठवले.

खरं अजून सांगितलेलं नाही. दर पावसाळ्यात नदी चढू लागली की ती पहिला फोन मलाच करते. "मॅडम, आईबाबांस्नी यादीत घ्या हं. तुमच्यावर भरवसा हाय." मी दोन्ही घरं लिहिते. मग दिवसभर, शिकवता शिकवतासुद्धा, तक्ता उघडून बघत राहते, दोन्ही ओळी जागेवर आहेत ना.