हाशिमचं पत्र

सिराज मुकादम कोकणातल्या फणसोप गावचा. १९७२ साली बहारीनला गेला आणि राजधानी मनामातल्या एका अमेरिकन कंपनीत टायपिस्ट म्हणून लागला. तिथल्या मॅनेजरला आपल्या देशाच्या इतिहासाचं वेड होतं. क्लबात तो अमेरिकेच्या राज्यघटनेवर भाषणं द्यायचा. ती सगळी सिराज टाइप करायचा.

हळूहळू सिराज त्यात गुंतला. तेरा राज्यं आधी एकमेकांना कशी जुमानत नव्हती, मग १७८७ साली त्यांनी भक्कम केंद्र कसं उभारलं, यादवी युद्धानंतर त्या केंद्राचा हात कसा लांबत गेला, हे सगळं तो शेजारच्या टेबलावरच्या हाशिमला हिंदीतून सांगायचा. हाशिम तिथलाच, बहारीनी. १९७३ साली असेंब्लीच्या निवडणुकीत मत देऊन आला तेव्हा त्याने ऑफिसात खजूर वाटले होते.

पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने खुद्द राष्ट्राध्यक्षाला त्याच्या ऑफिसातल्या संभाषणांच्या टेप द्यायला लावल्या.

"बघ, एवढी सत्ता, तरी कोर्टापुढे मान तुकवावी लागली," सिराज म्हणाला.

"इथंही होईल, इंशाल्ला," हाशिम म्हणाला.

१९७५ च्या जूनमध्ये भारतात आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये बहारीनची ती निवडून आलेली असेंब्ली बरखास्त झाली. सप्टेंबरात हाशिमला घरातून उचलून नेलं. कशासाठी, कोणी सांगेना.

सिराज धीर करून मॅनेजरकडे गेला. "सर, तुम्हीच लिहिलंय, पकडलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे उभं करावंच लागतं. कंपनीने एक पत्र दिलं तर..."

"ते अमेरिकेत. इथे आपण पाहुणे आहोत. आणि तुझा व्हिसा कंपनीचाच आहे ना?"

मग मॅनेजरने एक कागद पुढे सरकवला. न कळवता गैरहजर राहिल्याबद्दल हाशिमला नोकरीवरून काढल्याचं पत्र. "जेवणाआधी टाइप कर."

सिराजने केलं. एकही चूक न करता.

हाशिम पाच वर्षांनी सुटला. मनामाच्या गुदैबिया भागातल्या एका दुकानात दोघं समोरासमोर आले. हाशिमचे केस पांढरे झाले होते. सिराजने सलाम केला.

"पत्र पाहिलं," हाशिम म्हणाला. "खाली टायपिस्टची आद्याक्षरं होती."

"साहेबाने सांगितलं. मी काय करणार होतो?"

"त्याचं काही नाही. माझी आई महिनाभर तुमच्या ऑफिसच्या दारात बसत होती. तू रोज तिच्यासमोरून जायचास. एकदा तिला सलाम तरी करायचा होतास."

हाशिम निघून गेला.

सिराज त्या कंपनीत आणखी सात वर्षं होता. शेजारच्या टेबलावर केरळचा जयप्रकाश आला होता. त्याच्याशी तो फक्त सुट्टीबद्दल आणि हवेबद्दल बोलायचा.