हळदीच्या मांडवातली घोषणा

आणीबाणी जाहीर करायला लोक एवढे का घाबरतात, हे मी लॉ कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. रोगाची साथ देशाची सीमा ओलांडू लागली की तज्ज्ञांची समिती बसते, सल्ला देते, आणि आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर करायची की नाही हे शेवटी जगाच्या आरोग्य संघटनेचा प्रमुख असलेला एक माणूस ठरवतो. बाकीच्या देशांना सांगितलं जातं, उगाच विमानं बंद करू नका, माल अडवू नका. ते ऐकत नाहीत. मग पुढच्या वेळी ज्याच्या घरात आजार, तो तोंड मिटून बसतो. मुलं हे लिहून घ्यायची आणि मी निवांत चहा प्यायला जायचे.

तो निवांतपणा गेल्या वर्षी संपला. आमच्या बाळकुमच्या सोसायटीत आधी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना कावीळ झाली, मग वॉचमनला. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना. तिच्या डॉक्टर म्हणाल्या, पाण्यातून येणारी कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरेना. उकळलेलं पाणी मी पुन्हा उकळायचे. ती तोंड धुवायला गेली तरी मी बाथरूमच्या दाराशी उभी.

"आई, तू वेड लावशील मला," ती म्हणायची.

कमिटीची मीटिंग मीच बोलवायला लावली. टाकीचं पाणी पिऊ नका, एवढं सगळ्यांना सांगा, बस. चेअरमन इथले मूळचे. आमची बिल्डिंग त्यांच्या वडिलांच्या शेतात उभी आहे. रविवारी त्यांच्या मुलाची हळद होती, खालच्या मोकळ्या जागेत, आणि अख्खं गाव जेवायला येणार होतं.

"मॅडम, दोनच मानसं हायेत. पान्याचा रिपोर्ट तरी येऊ द्या," ते म्हणाले.

"बरोबर आहे. उगाच घबराट नको," सेक्रेटरींनी री ओढली. त्यांनी फ्लॅट विकायला काढला होता.

मला हसूही आलं आणि संतापही. पुरावा अपुरा आहे, परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत. मोठमोठ्या समित्यांच्या निवेदनांत हेच तर वाचत आले होते मी. "लक्ष ठेवून कावीळ थांबते का?" मी ओरडलेच. हात वर करून मतं घेतली, माझा एकटीचा हात वर. मग मी घरोघरी जाऊन सांगू लागले, तर मॅडम जरा जास्तच टेन्शन घेतात म्हणत लोक दारं लावू लागले. चेअरमन बोलल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मुलगी हट्टाने खाली गेली. घरात बसून विटली होती, आणि हळदीचं बोलावणंही होतं. मी चपला शोधेपर्यंत ती मांडवात पोचली. मी धापा टाकत खाली आले तर कुणीतरी तिच्या हातात सरबताचा ग्लास दिलेला. मी जिवाच्या आकांताने हाक मारली, पण डीजेपुढे कोण ऐकतंय! चेअरमन तिच्या समोरच उभे होते. त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि ग्लास ओठाला लागायच्या आत काढून घेतला. मग तरातरा जाऊन गाणं बंद करायला लावलं आणि माइक हातात घेतला.

"मंडली, सोसायटीचं पानी कोनी पिऊ नका. कावील हाय. सरबत ओतून टाका. जेवन बाहेरून बनवून आनलंय, ते खावा."

कुणी जेवायला थांबलं नाही. कुणाला अचानक काम आठवलं, कुणी न बोलताच गाड्या काढल्या. "आजच काय नडलं होतं?" असं सेक्रेटरी चेअरमनना सगळ्यांसमोर म्हणाले. नवरदेव अंगभर हळद लावून नुसताच बसून राहिला.

मुलीला वर पोचवून मी आभार मानायला परत खाली आले. चेअरमन रिकाम्या खुर्च्यांत बसले होते.

"मॅडम, तुमचे कायद्यान खरं सांगनाऱ्याला काय भेटतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "बाकीच्यांनी त्याच्या तोंडावर दारं लावू नयेत, अशी शिफारस असते."

"आनी लावली तर?"

फार लाज वाटली. हळदीच्या जेवणाला मटण-वडे होते. मी मटण खात नाही. ताटात नुसते वडे घेतले आणि नवरदेवाशेजारी जाऊन बसले. पोट भरलं तरी उठवेना. मी उठले असते तर मांडवात जेवणारं कुणीच उरलं नसतं.