खुर्चीबाईंची खिडकी

खुर्चीबाई गाडीच्या डिकीत घडीची खुर्ची घेऊन फिरायच्या. हुद्दा आर्किटेक्टचा, गाव दक्षिण स्पेनमधलं. पण दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही मराठी ड्राफ्ट्समननी त्यांचं बारसं असंच केलं होतं. साइटवर चुन्याने खोल्या आखल्या, की बाई प्रत्येक खोलीत खुर्ची मांडून दहा मिनिटं गप्प बसत. डोक्यावर हेल्मेट, समोर नुसती वाळू. "कागदावर कुणी राहत नाही," असं इंग्रजीत म्हणत आणि "यल्ला, चला" करून पुढच्या खोलीत जात. बघणाऱ्याला हसू यायचं. मलाही यायचं, खोटं कशाला बोलू?

त्यांचे वडील गवंडी. "मी भिंत आधी बांधायला शिकले, काढायला नंतर," असं त्या सांगत. तिकडची कामं आटली तशा दोह्याला आल्या. इथले कंत्राटदार त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बघून द्यायचे. मी हुकमाचा ताबेदार, मला कानकोंडं व्हायचं. बाई मात्र चिडत नसत. उत्तर आपल्याकडे बघून मिळेपर्यंत तोच प्रश्न शांतपणे विचारत राहत.

अल अझीझिया भागातल्या एका व्हिलाचं काम होतं. फाटकाजवळची ड्रायव्हरची खोली मी जुन्या नकाशावरून तशीच उचलली होती. एक दार, खिडकी नाही. सगळे तशीच काढतात. बाई तिथे बसल्या, उठल्या आणि मला म्हणाल्या, "आता तू बस."

मी बसलो.

"कुठे बघतोस?"

"दाराकडे."

"ते बंद केलं की?"

माझे वडील, आबा, अठरा वर्षं दोह्यात ड्रायव्हर होते. मी इथे नवा आलो तेव्हा त्यांची खोली पाहिली होती. दार उघडं टाकून आम्ही चहा प्यालो होतो. तीच खोली मी माझ्या हाताने पुन्हा काढली होती. हे बाईंना सांगताना मला शरमेने मेल्यासारखं झालं. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. "काढ."

मी रस्त्याच्या बाजूला खिडकी काढली. आमचे साहेब बाईंवर भडकले. "ड्रायव्हरच्या खिडकीसाठी मालकाला त्रास द्यायचा नाही. दिलात, तर तुमचं काँट्रॅक्ट संपलं समजा." बाई म्हणाल्या, "समजले."

मालक साइटवर आले, तशी बाईंनी खुर्ची मांडली. "बसा. दार बंद आहे असं धरा." पांढरा झगा सावरत तो भला माणूस खरंच बसला. थोड्या वेळाने उठून म्हणाला, "खिडकी रस्त्याकडे आहे ना? घरातल्या बायकांकडे नजर जायला नको. मग करा. खलास, ठरलं."

साहेबांनी शब्द पाळला, काँट्रॅक्ट वाढवलं नाही. जाताना बाईंनी खुर्ची माझ्या टेबलाला टेकवून ठेवली. "आता तू बसायचं," एवढंच म्हणाल्या.

आबा आता गावी असतात. व्हिला बांधून झाल्यावर मी त्यांना फोनवर खिडकीची गोष्ट सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं.

"त्या खिडकीतनं काय दिसतंय?"

"रस्ता. अन् समोरचं बोराचं झाड."

"माझ्या खोलीला नव्हती बघ," आबा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "बाईंना माझा नमस्कार सांग."

त्या खिडकीपायी बाईंचं काम गेलं, हे मी त्यांना सांगितलं नाही.