जाऊन ये म्हणणाऱ्या अक्का

नव्या मुलांना कॉलेजात रुळवायचं काम आमच्याकडं अक्कांवर सोपवलेलं होतं, आणि त्याच अक्का पहिल्या पंधरवड्यात मुलांना घरी पाठवून द्यायच्या. बाकीचे प्राध्यापक सांगायचे, मन घट्ट करा, महिनाभर गावाचं नाव काढू नका, होते सवय. अक्का वसतिगृहात यायच्या, तोंड फिरवून पडलेल्या मुलीच्या कॉटवर बसायच्या आणि विचारायच्या, "घरी जावंसं वाटतंय?" मुलगी मान हलवायची. "मग जा की. जाऊन ये." आणि चपला घालून तिला सोडायला स्वतः एसटी स्टँडपर्यंत जायच्या.

उमरग्यातलं ते कॉलेज हमरस्त्यापासून जरासं आत होतं. वर्गात बसलं तरी हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकू यायचे. अक्का तिथं भूगोल शिकवायच्या. त्यांचं खरं नाव फक्त स्टाफरूमच्या पाटीवर होतं. मुलं, शिपाई, समोरचा झेरॉक्सवाला, सगळे त्यांना अक्काच म्हणायचे, आणि रागात नसले तर प्राचार्यसुद्धा. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, पायात जाड तळाच्या चपला. घरात कानडी आणि बाहेर मराठी असल्यामुळं रागावल्या की दोन्ही भाषा एकदम यायच्या आणि ऐकणाऱ्याला अर्धंच कळायचं.

नवागतांच्या स्वागताचा कार्यक्रम म्हणजे गुलाबाचं फूल, दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचं भाषण, असं इतर ठिकाणी असतं. आमच्याकडंही ते व्हायचं, पण अक्कांचा कार्यक्रम त्यानंतर सुरू व्हायचा. त्या आम्हाला गावातून पायी फिरवायच्या. ही बँक, हा दवाखाना, इथल्या डॉक्टरीणबाई मुलींना ओरडत नाहीत. हे मेडिकल, इथं पॅड मागताना खाली बघायचं नाही. ही खानावळ, इथली भाकरी गरम असते पण भाजीत तिखट लई, ज्याला सोसत नाही त्यानं दही मागून घ्यायचं, मालक न्हाय म्हणत नाही. वर्गात शिकलेलं पुष्कळसं विसरले मी. तो फेरफटका मात्र अजून पाठ आहे.

सभागृहात त्या प्रत्येकाला उभं करून एकच वाक्य म्हणायला लावायच्या, "सर, मला समजलं नाही." सोपं वाटतं, पण कुणाच्या तोंडून निघायचं नाही. खेड्यातली शाळा आम्हाला माना डोलवायला शिकवून पाठवत असे. कुणी पुटपुटलं की अक्का म्हणायच्या, "मागं ऐकू आलं न्हाय. पुन्हा." सगळ्यांचं झालं की म्हणायच्या, "आता जिभेला सवय झाली. तीन वर्षं हेच वाक्य उपयोगी पडणार बघा, बाकी सगळं पुस्तकात हाय." एकदा एक मुलगा "म्या आलोय सास्तूरवरनं" असं म्हणाला आणि शहरातली मुलं हसली. अक्कांनी काहीच म्हटलं नाही. फक्त त्या दिवशीचा पुढचा सगळा तास त्या "म्या सांगते, म्या काढते नकाशा" असं बोलत राहिल्या. तासाच्या शेवटी कुणी हसत नव्हतं.

मी भूम तालुक्यातल्या एका वाडीतून आले होते. जिल्हा एकच, पण उमरगा आमच्यासाठी परमुलूखच होता. मला आईची आठवण यायची ती पोटात दुखल्यासारखी. माझ्या खोलीत जळकोटची अश्विनी होती. ती माझ्याहून जास्त रडायची, आणि तिचं रडणं बिनआवाजाचं होतं. उशी तोंडावर दाबून ती तासन्‌तास पडून असे. अक्का एका शनिवारी सकाळी आल्या, दोघींना तोच प्रश्न विचारला, दोघींनी हो म्हटलं. मला भूमकडं जायच्या गाडीत आणि अश्विनीला जळकोटवरून जाणाऱ्या सोलापूर गाडीत बसवून त्या खिडकीखाली उभ्या राहिल्या.

घरी गेल्यावर विशेष काही झालं नाही. मी जेवले, झोपले, आईनं डोक्याला तेल लावलं, शेळी व्यायली होती तिचं पिल्लू मांडीवर घेऊन बसले. सोमवारी परत आले तेव्हा पोटातलं दुखणं गेलं होतं. घर जागेवर आहे एवढं डोळ्यांनी बघून आलं की माणूस दुसरीकडं राहू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

अश्विनी परत आली नाही.

आठवडा गेला. तिच्या वडिलांचा फोन लागेना. शेवटी अक्का मला बरोबर घेऊन जळकोटला गेल्या. दाराला आंब्याची पानं होती, अंगणात मांडव घालणं चाललं होतं. वडील सभ्य माणूस, त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मुलगी अठरा पूर्ण आहे, स्थळ बसवकल्याणकडचं आहे, माणसं चांगली आहेत, असं सगळं सावकाश सांगितलं. अश्विनी चहा घेऊन आली. हातापायांना हळद लागलेली होती. अक्कांनी वडिलांकडं न बघता तिला विचारलं, "लेकरा, येतीस का माझ्यासंगं?" तिनं चहाचे कप खाली ठेवले. वडीलच म्हणाले, "मॅडम, आता तिचं तिकडंच बरं हाय." लग्न झाल्यावर परीक्षा तरी देऊ द्या, असं अक्का पुष्कळ समजावत राहिल्या. ते सगळ्याला व्हय म्हणत होते. तेवढ्यावरून आम्हा दोघींनाही कळलं की यातलं काही होणार नाही.

परतीच्या गाडीत अक्का खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाल्या, "मीच पाठवलं तिला."

प्राचार्यांनी हा विषय बैठकीत घेतला. मुली घरी पाठवायच्या नाहीत म्हणून तर वसतिगृह आहे, असं ते म्हणाले आणि त्यांचं चूक नव्हतं. पुढच्या वर्षी नवागतांचं काम दुसऱ्या सरांकडं गेलं. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, सोलापूरहून वक्ते आणले. ते वर्ष अक्कांनी कसं काढलं ते मी बघितलं आहे. जूनच्या त्या दिवसांत त्या स्टाफरूममधून बाहेरच येत नसत. मुलं गेटपाशी गोंधळून उभी असायची आणि त्या नकाशे गुंडाळत, परत उलगडत आत बसून राहायच्या.

वर्षानं काम पुन्हा त्यांच्याकडं आलं, कारण ते करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. अक्कांची रीत मात्र बदलली होती. त्या आता मुलींना एकटं पाठवत नसत, बरोबर जात. शनिवारी मुलीच्या घरी मुक्काम करायचा, तिच्या आईबरोबर भाकऱ्या थापायच्या, बापाशी पीकपाण्याचं बोलायचं आणि सोमवारी मुलीला घेऊनच परत यायचं. लोहाऱ्यापासून परंड्यापर्यंत कितीतरी घरांत त्या अशा पाहुण्या म्हणून राहिल्या. त्यांचे यजमान अण्णा, त्यांचं उमरग्यात हार्डवेअरचं दुकान होतं, ते थट्टेनं म्हणायचे, आमच्या घरी मुक्कामाला कधी येणार? अक्का हसायच्या, पण जायच्या थांबल्या नाहीत.

शिक्षण संपवून मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले तेव्हा अक्कांनी मला आपल्या हाताखाली घेतलं. एका दुपारी आम्ही दोघीच होतो. मी सहज विचारलं की अक्का, एवढं झाल्यावरही तुम्ही घरी जायला नको असं मुलींना का म्हणत नाही? त्यांनी हातातला डबा बंद केला आणि सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्यांचं माहेर सास्तूरच्या बाजूला होतं. त्र्याण्णवचा भूकंप झाला त्या वर्षी त्या सोलापूरला पहिल्या वर्षाला होत्या. वसतिगृहात जीव रमत नव्हता. गणपतीत त्यांनी घरी जाऊ द्या म्हणून रेक्टरबाईंचे पाय धरले. बाई म्हणाल्या, पहिल्या सत्रात घरी गेलेली मुलगी परत येत नसते, खंबीर हो. त्या राहिल्या. विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे वसतिगृहाच्या खिडक्या वाजल्या. कुठूनशी बातमी आली, आणि त्या एका ट्रकमधून गावाकडं निघाल्या. पोचल्या तेव्हा गल्ली कुठली आणि घर कुठलं तेच ओळखू येत नव्हतं. आई, वडील, धाकटे भाऊ, कुणी राहिलं नव्हतं.

"लोक म्हणाले, त्या बाईनं तुझा जीव वाचवला," अक्का म्हणाल्या. "खरं हाय ते. पण मला कुणी विचारलं असतं, तर मी घरी गेले असते."

जूनमध्ये सोलापूरच्या गाडीत बसवताना आई म्हणाली होती, होगी बा. म्हणजे कानडीत 'जाऊन ये'. आपल्यासारखंच त्यांच्यातही नुसतं जा म्हणत नाहीत. "जाणं झालं," अक्का म्हणाल्या, "येणं राहिलं." त्यानंतर डबा उघडून त्यांनी उरलेली भाकरी खाल्ली, अगदी सावकाश, आणि तासाला निघून गेल्या. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

अश्विनीचा विषय मात्र त्या दर जूनमध्ये काढायच्या. काही कळलं का गं तिचं? मी बसवकल्याणकडच्या एक-दोघांना विचारलं होतं, ती बरी आहे, दोन मुलं आहेत, एवढंच कळलं होतं. मी ते दर वर्षी सांगायची. त्या दर वर्षी नव्यानं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हुशार होती गं. एक शनिवार थांबायला पाहिजे होतं मी."

आजार कळला तो उशिरा. पोटातला कॅन्सर होता. सोलापूरला उपचार चालू असताना त्यांनी अण्णांजवळ घरी न्या म्हणून हट्ट धरला. अण्णांनी गाडी करून उमरग्याला आणलं तर त्या अंगणातच थांबल्या आणि लहान मुलासारख्या म्हणाल्या, हे नव्हे. अण्णांना कळलं. ते त्यांना परत गाडीत बसवून सास्तूरकडं घेऊन निघाले, मलाही बोलावून घेतलं. जुन्या गावठाणात आता वेड्या बाभळी माजल्यात. चौथऱ्यांचे दगडही लोकांनी नेले. अक्कांना आम्ही दोघांनी धरून थोडं आत नेलं. त्या इकडंतिकडं बघत राहिल्या, घर कुठं होतं ते त्यांनाही सापडलं नाही. मग एका दगडावर बसल्या आणि कानडीत हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मला कानडी येत नाही. अण्णांना येते, पण त्यांनी मान फिरवून डोळे पुसले, आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर आठवडाभरातच अक्का गेल्या.

त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना बसवून माती दिली, बेलाची पानं वाहिली. किती माणसं आली होती! ज्यांच्या घरी त्या राहिल्या होत्या ते आईबाप आले होते, आणि त्यांच्या मुली, आता कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी पोलिसात. गर्दी पांगली तेव्हा एक बाई माझ्याजवळ आली. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, मी अश्विनी.

मोबाइलवर कुणीतरी टाकलेली बातमी वाचून ती बसवकल्याणहून एकटीच आली होती. आम्ही एका लिंबाखाली उभ्या राहिलो. अक्का शेवटपर्यंत तुझ्याबद्दल स्वतःलाच बोल लावत होत्या, असं मी तिला सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"त्यांचा काय संबंध?" ती म्हणाली. "माझं लग्न कॉलेजला यायच्या आधीच ठरलं होतं. मी लई रडले म्हणून वडिलांनी तिथीपर्यंत शिक म्हणून पाठवलं. त्या शनिवारी ते न्यायला येणारच होते."

"मग रात्रंदिवस रडायचीस ती कशासाठी?"

"घरी जायचं नव्हतं म्हणून रडायची. अक्का मायेनं विचारायला बसल्या, त्यांना नाही कसं म्हणायचं. मी हो म्हणाले." ती मातीकडं बघत म्हणाली, "मला वाटलं, त्या घरी येऊन गेल्या, मांडव बघितला, लग्न आधीच ठरलेलं हे त्यांना कळलं असंल."

माती अजून ओली होती, अण्णा एकटेच तिथं उभे होते.

"माझं नाव काढायच्या का त्या कधी?" अश्विनीनं विचारलं.

मी म्हटलं, दर जूनमध्ये काढायच्या.

ती तशीच पुढं गेली आणि अक्कांच्या मातीजवळ खाली बसली.